खोटी चूल, खरी चूल

रोममधल्या सान लोरेन्झो या मजूर वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी एक बालघर सुरू झालं. आईबाप दिवसभर कामावर आणि शाळेच्या वयाला न पोचलेली पोरं इमारतीच्या जिन्यांत, भिंतींची वाट लावत. इमारती दुरुस्त करणाऱ्या कंपनीला आपल्या भिंती वाचवायच्या होत्या. म्हणून तिने या पोरांसाठी एक खोली काढून दिली आणि देखरेखीला मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंना बोलावलं. पुढे जगभर पसरलेल्या शिक्षणपद्धतीची सुरुवात भिंती खराब होऊ नयेत म्हणून झाली, हे मला फार आवडतं. सॉफ्टवेअरमध्येही बरीच चांगली फीचर्स कुणाच्या तरी कटकटीतूनच जन्माला येतात.

माँटेसरीबाईंच्या १९०९ सालच्या पुस्तकात अशा बालघरातल्या जेवणाच्या वेळेचं वर्णन आहे. चार-चार वर्षांची मुलं टेबलं मांडतात, काटे-सुऱ्या वाटतात, पाण्याचे ग्लास तबकात ठेवून नेतात आणि गरम सूपचं मोठं भांडं घेऊन टेबलाटेबलापाशी फिरतात. थेंबही सांडत नाहीत. मला हे वाचताना आधी खोटंच वाटलं. मग कळलं की बाईंचा सगळा भर एका साध्या गोष्टीवर होता: भांडं खरं हवं, फुटणारं हवं. न फुटणाऱ्या ताटलीतून मुलाला काहीच कळत नाही. काचेचा ग्लास निष्काळजीपणा लगेच दाखवून देतो, त्यासाठी मोठ्या माणसाने ओरडायची गरज उरत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे खोट्या स्वयंपाकघराची जेवढी समृद्ध परंपरा आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. भातुकली! मातीची, पितळेची, सावंतवाडीची रंगीत लाकडी. जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, शेगडी, बंब, घंगाळ, सगळं बोटभर. ज्या वस्तू आज खऱ्या घरांतून गायब झाल्यात त्या भातुकलीत टिकून आहेत. दाणे-गुळाचे लाडू, चुरमुऱ्यांचा भात, पाहुणे, बाहुला-बाहुलीचं लग्न आणि त्याची पंगत. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका भातुकलीबद्दल बोलायला लागल्या की त्यांचे चेहरे बदलतात.

पण या खेळाला एक दुसरी बाजू होती. ज्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं व्हायची, त्या काळात भातुकली ही रंगीत तालीम होती. आज बोटभर चूल, उद्या सासरची हातभर चूल. मध्ये काही नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं तेही १४. आणि मुलगे? ते भातुकलीत ‘ऑफिसला’ जायचे आणि जेवायला परत यायचे.

तिसरं एक घर होतं जिथे भातुकली नव्हतीच. आई मजुरीला गेली की आठ वर्षांची थोरली बहीण कडेवर धाकट्याला घेऊन खऱ्या चुलीत फुंकर घालायची. तिला कुणी ‘स्वयंपाक शिकवला’ नाही, तो तिच्यावर पडला.

म्हणून ‘लहान मुलासोबत स्वयंपाक’ असं आज आपण इन्स्टावर गोड पार्श्वसंगीत लावून दाखवतो, तेव्हा त्याच्या मागे हा सगळा पसारा आहे हे विसरायला होतं. मुलाच्या हातात एक तर खेळणं होतं, नाही तर ओझं. यांच्या मधली जागा, म्हणजे खरं काम पण मुलाच्या मापाचं, शेजारी मोठं माणूस आणि घाई कुणालाच नाही, ही कुणीतरी कष्टाने तयार करावी लागली.

आपल्या बाजूला ती तयार करणाऱ्यांत तीन नावं येतात. भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसरीचं साहित्य महागडं होतं आणि ते शहरातल्या खात्यापित्या घरांनाच परवडणारं होतं, हे ताराबाईंना टोचत होतं. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. खेळण्यातली चूल आणि खरी चूल यांच्यातलं अंतर किती कमी असू शकतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी रंगीत मण्यांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वारली पाड्यांवरची मोठी मुलं शाळेत का येत नाहीत? कारण धाकट्यांना सांभाळायचं असतं, गुरं राखायची असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे आधी मुलाच्या अंगावरचं ओझं उतरवायचं आणि मग त्याच कामांतून शिकवायचं. हा क्रम उलटा केला तर ती शाळा राहत नाही, बालमजुरी होते.

दुसरी वाट वर्ध्याची. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम लिहिला आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ‘नई तालीम’ची शाळा उभी केली. बाहेर नाव झालं चरख्याचं. पण सेवाग्रामच्या दिवसात स्वयंपाकघर, भाजीचा मळा आणि सफाई हेही शिकण्याचेच तास होते. समजा साठ माणसांसाठी वरण करायचं आहे. दर माणशी डाळ किती, महिन्याला किती, बाजारभावाने पैसे किती, मळ्यातून भाजी किती येईल, मग बजेटमध्ये दूध बसतं का? ही गणितं फळ्यावरची नसायची, कारण उत्तर चुकलं तर लोक उपाशी उठणार. आमच्या भाषेत सांगायचं तर भातुकली हे सँडबॉक्स आणि सेवाग्रामचं स्वयंपाकघर थेट प्रॉडक्शन!

आणि त्या पातेल्यात आणखी एक गोष्ट शिजत होती. कुणाच्या हातचं कोण खातं यावर अख्खी समाजरचना उभी असताना वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका कणकेत हात घालणं म्हणजे काय, हे आज ‘टिफिन शेअर कर’ म्हणणाऱ्या पिढीला सांगूनही पटकन कळणार नाही.

‘पौष्टिक’ या शब्दालाही त्याच सुमारास आकडे चिकटले. १९३७ मध्येच कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून डॉ. ॲक्रॉइड यांची भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका आली. वर्ध्यातच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाची माणसं गिरणीच्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ खा म्हणून मागे लागली होती, कारण कोंड्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. या तक्त्यांचा मला एक नाद लागलाय. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. तांदूळ या शर्यतीत नसतोच. कोकणातल्या गरिबाची भाकरी म्हणून जिला नाक मुरडलं तीच ही नाचणी. आता ती ‘रागी कुकीज’ होऊन चकचकीत पाकिटात परत आली आहे.

माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. शनिवारी आम्ही दोघं मिळून थालीपीठ लावतो किंवा नाचणीला मोड आणतो. नाचणी या कामाला उत्तम, कारण ती भिजवून फडक्यात बांधली की एक-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसायला लागतात आणि तो दर तासाला गाठोडं उघडून बघतो. (त्याने मोड लवकर येत नाहीत, हे सांगून झालंय.) मग वाळवणं, दळणं, चाळणं, त्याचं सत्त्व. थालिपिठाच्या भाजणीत तो कोथिंबीर हाताने तोडून टाकतो, गोळा ओल्या फडक्यावर थापतो आणि मधलं भोक पाडतो. भोक पाडणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तव्याजवळ मी. पहिल्यांदा आईने हे पाहिलं तेव्हा म्हणाली, “अरे, त्याला कशाला पिठात बसवतोस? मुलगा आहे, खेळू दे की.” मी म्हटलं, “आई, खेळतोच आहे तो.” ती काही बोलली नाही, पण त्याच्या बाह्या वर करून दिल्या. मेथी ताटातून वेचून काढणारा हा प्राणी स्वतः थापलेल्या थालिपिठातली मेथी खातो. दुधी मात्र अजूनही नाही. स्वतः किसला तरी नाही.

आईच्या त्या वाक्यावरून मला झाकीर हुसेन समितीचा अहवाल आठवला. इतका पुढारलेला दस्तऐवज, पाचवीपर्यंत मुलं-मुली एकत्र, अभ्यास एकच. पण चौथी-पाचवीत मुलींच्या विज्ञानात गृहशास्त्र घालता येईल, आणि पुढच्या दोन इयत्तांत मुली हस्तोद्योगाऐवजी वरच्या पातळीचं गृहशास्त्र घेऊ शकतील अशी सोय त्यात आहे. मुलग्यांसाठी अशी सोय कुणाला सुचली नाही. चूल वर्गात आली तरी तिच्यासमोर कुणी बसायचं हे बहुतेक आधीच ठरलेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर ही मधली जागा आक्रसत गेली. गरीब पालकांचं म्हणणं सरळ होतं: काम तर आम्ही घरीच करून घेतो, शाळेत पुस्तक शिकवा, इंग्रजी शिकवा. मला हे म्हणणं चूक वाटत नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त हातांचं काम आलं त्यांना श्रमाचं सौंदर्य ऐकवणं सोपं नाही. श्रीमंतांकडे ‘माँटेसरी’ नर्सरीच्या पाटीवर उरली आणि आत प्लॅस्टिकचा किचन सेट आला. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळांत शिजवलेलं जेवण सक्तीचं झालं. लहान मुलांना गरम जेवण मिळू लागलं हे फार मोठं काम आहे. पण ते शिजतं मुलांपासून लांब, आणि त्याला सबळ कारण आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेली आग गवती छताने पसरली आणि ९४ मुलं गेली. त्या आकड्यासमोर कुठलीही शिक्षणपद्धती गप्प बसते. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळं आणि सुरक्षित अंतरावर हवं, हा नियम योग्यच आहे.

तरी स्वयंपाकातला विस्तव हा एक भाग झाला. निवडणं, भिजवणं, मोड आणणं, सोलणं, मळणं, थापणं, मोजणं, वाढणं यातल्या कशालाच आग लागत नाही. सेवाग्रामला नई तालीमची जुनी शाळा मधे बंद पडली होती. २००५ मध्ये ती ‘आनंद निकेतन’ नावाने पुन्हा सुरू झाली आणि तिथे शेती, सूतकताई, स्वयंपाक ही आजही अभ्यासाचीच कामं आहेत. मराठी माध्यमाची शाळा आहे. भाचा जरा मोठा झाला की त्याला घेऊन एकदा जायचं आहे. वर्धा स्टेशनपासून सेवाग्राम सातेक किलोमीटर. त्याचा प्रश्न तयार आहे: तिथे थालिपिठाला भोक कोण पाडतं?