गेडचा रंग कोणी पुसला?

१३ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेतील साय-फाय वाहिनीवर ‘अर्थसी’ या दोन भागांच्या लघुमालिकेचे प्रसारण सुरू झाले. तीनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकात मूळ कादंबऱ्यांच्या लेखिका उर्सुला ल ग्विन यांचा लेख प्रसिद्ध झाला. शीर्षकाचा आशय असा होता, की अर्थसीला चुना फासून पांढरे करण्यात आले आहे.

अद्भुतकथांवरील मालिका आणि त्यांतील पात्रयोजना हा विषय निघाला, की हल्ली चर्चा २०२२ पासून सुरू होते. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’मधला सावळा एल्फ, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मधला कृष्णवर्णीय दर्यासारंग, आणि त्यांच्यावर तुटून पडलेले चाहते. ‘मूळ पुस्तकाशी इमान राखा’ ही घोषणा तेव्हा सर्वत्र घुमत होती. अठरा वर्षांपूर्वी हाच वाद उलट्या दिशेने झाला होता. तो नीट वाचला, की ‘इमान’ या एका शब्दाच्या आडोशाला किती निरनिराळी माणसे उभी असतात ते दिसू लागते. धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पार्नासस प्रेसने प्रसिद्ध केली. ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रातले मोठे नाव. आई थिओडोरा क्रोबर यांनी इशी या आदिवासी माणसाचे चरित्र लिहिले होते. आपले जग हेच जगाचे केंद्र नव्हे, ही जाणीव ज्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर वाढली जात असेल, अशा घरात या लेखिकेची जडणघडण झाली. तिने रचलेल्या द्वीपसमूहात बहुसंख्य माणसे तांबूस, तपकिरी किंवा काळ्या वर्णाची आहेत. नायक गेड तांबूस-तपकिरी. त्याचा जिवलग मित्र वेच त्याहून काळा. गोरे आहेत ते कार्गाड बेटांवरचे लोक, आणि कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ते गाँट बेटावर लूटमार करायला येतात. पिवळ्या केसांच्या त्या टोळीपासून एक पोरगा धुके उभे करून आपले गाव वाचवतो. तोच पुढचा गेड.

हे सारे ल ग्विन यांनी मुद्दाम केले होते, पण गाजावाजा न करता. गेडच्या वर्णाचा उल्लेख बऱ्याच उशिरा आणि जाता जाता येतो. वाचकाने आधी गेडमध्ये जीव गुंतवावा, त्याच्या डोळ्यांनी जग पाहू लागावे आणि मग हा मुलगा गोरा नाही हे त्याच्या लक्षात यावे, अशी ती योजना होती. १९६८ साली या साहित्यप्रकारात नायक गोरा असणे इतके गृहीत होते, की ते कोणी लिहीतही नसे. ते गृहीतक उलथवणे हा या कादंबरीच्या बांधणीचाच भाग होता.

ते गृहीतक किती चिवट होते याचा पुरावा मुखपृष्ठांवर सापडतो. पहिल्या आवृत्तीसाठी रूथ रॉबिन्स यांनी तांबूस-तपकिरी चेहरा काढला होता. पुढे मात्र आवृत्ती बदलली, देश बदलला, चित्रकार बदलला आणि गेड उजळत गेला. एका ब्रिटिश आवृत्तीवरच्या फिकट, मलूल गेडची तर ल ग्विन यांनी पुढे यथेच्छ थट्टा केली. पुस्तकाच्या आत तपकिरी नायक, बाहेर गोरा. दुकानात दोन्ही एकाच किमतीला. मालिकेने २००४ मध्ये जे केले, ते प्रकाशनव्यवसाय त्याआधी कित्येक वर्षे करत होता. (मुखपृष्ठे ही इतिहासाची साधने म्हणून आपण फार कमी वाचतो, ही माझी जुनी तक्रार.)

मालिकेचे हक्क देताना ल ग्विन यांनी आंधळेपणा केला होता असेही नाही. जॅक्सन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांच्या सहलेखिका फिलिपा बॉयन्स पटकथा लिहिणार, हे त्यांच्या होकाराचे मुख्य कारण होते. पुढे वाहिनीचे पैसे आले, रॉबर्ट हाल्मी हे निर्माते आले, आणि तोवर बॉयन्स प्रकल्पातून गेल्या होत्या. तरीही लेखिकेला आशा होती, कारण हाल्मी यांच्याच ‘ड्रीमकीपर’ (२००३) या मालिकेत अमेरिकी आदिवासी कलावंतांचा मोठा ताफा होता. त्यांतलेच काही अर्थसीत दिसतील असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात गेड झाला शॉन अ‍ॅशमोर हा गोरा अभिनेता. मुख्य पुरुष पात्रांत गोरा नसलेला एकच : गुरू ओजियनच्या भूमिकेतले डॅनी ग्लोव्हर. आणि विनोद पाहा, मूळ कथेत गोरी असलेली एकमेव नायिका टेनार हिच्या भूमिकेसाठी क्रिस्टिन क्रूक यांची निवड झाली, ज्यांची आई चिनी वंशाची. म्हणजे ‘गोरे कलावंतच मिळाले’ ही सबबसुद्धा उरत नाही. पुस्तकातले वर्ण कोणी लक्षातच घेतले नव्हते.

आता दुसरा बदल. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. अर्थसीतली सारी जादू खऱ्या नावावर चालते. वस्तूचे, प्राण्याचे, माणसाचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची त्यावर सत्ता. म्हणून खरे नाव लपवायचे आणि व्यवहारात दुसरे वापरायचे. आपल्या नायकाला जग ‘स्पॅरोहॉक’ म्हणते. ‘गेड’ हे त्याचे गुप्त नाव. वेच आपले खरे नाव त्याला सांगतो तो प्रसंग म्हणजे मैत्रीची परमावधी, कारण सांगणारा आपला जीवच मित्राच्या हाती देत असतो. शेवटी गेड आणि त्याचा पाठलाग करणारी सावली समोरासमोर येतात, तेव्हा सारा उलगडा एका नावाच्या उच्चारात होतो. मालिकेने ही दोन नावे अदलाबदल करून टाकली. ‘गेड’ हे चारचौघांत हाक मारायचे नाव झाले आणि ‘स्पॅरोहॉक’ गुप्त. बदल दोन शब्दांचाच, पण ज्या कथेत नाव हाच प्राण, तिथे हे हृदय डावीकडचे उजवीकडे बसवण्यासारखे आहे. दिग्दर्शक रॉबर्ट लीबरमन यांनी लेखिकेला काय अभिप्रेत होते याविषयी परस्पर विधाने केली, तेव्हा ल ग्विन यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर उत्तर दिले. आपल्याला काय अभिप्रेत होते ते निदान आपल्याला विचारायला हवे होते, हा त्यांच्या रागाचा मतितार्थ.

चाहत्यांच्या तक्रारींचा इतिहास लिहायचा तर एक जुना कागद विसरता येत नाही. १९५८ साली जे. आर. आर. टॉल्किन यांच्याकडे मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी तयार केलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटाचा आराखडा आला. त्यावरचे टॉल्किन यांचे लांबलचक पत्र आज त्यांच्या छापील पत्रसंग्रहात आहे, आणि ते कोणत्याही संतप्त चाहत्याला शोभावे असे आहे. गरुडांचा वापर ऊठसूट केला आहे. ऑर्कना चोची आणि पिसे दिली आहेत. एल्फांच्या ‘लेंबास’ या प्रवासातल्या भाकरीला चक्क ‘सत्त्वयुक्त अन्न’ असे प्रयोगशाळेतले नाव दिले आहे. ऐतिहासिक मालिकांतला पगडीचा प्रत्येक पेच मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हा म्हातारा लगेच आपला वाटतो! पण या चिडचिडीखाली एक कसोटी होती. मूळ कृतीचा गाभा कोठे आहे हे रूपांतरकाराला न कळल्यामुळेच नको ती भर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. तपशील बदलला हा गुन्हा त्यांच्या लेखी दुय्यम. तो तपशील कथेत काय काम करत होता हे न समजणे, हा मुख्य.

हीच कसोटी २०२२ च्या वादांना लावली, की मौज दिसते. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’मधील डिसा ही खुज्यांची राजकन्या सोफिया नोमवेते या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारली. तिच्यावर दोन आक्षेप आले : ती काळी का, आणि तिला दाढी का नाही. दुसरा आक्षेप हास्यास्पद वाटतो. वास्तविक तोच ग्रंथाधारित आहे. टॉल्किन यांच्या परिशिष्टात खुज्यांच्या स्त्रिया आवाजाने आणि रूपाने पुरुषांहून वेगळ्या ओळखू येत नाहीत असे म्हटले आहे. डिसा हे पात्र मालिकेनेच निर्माण केलेले. टॉल्किन यांनी तिच्या वर्णाविषयी काही लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. हॉबिटांच्या हारफूट शाखेची कातडी इतरांहून तपकिरी होती, हे मात्र त्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकातच लिहून ठेवले आहे. लेनी हेन्री यांना हारफूट म्हणून पाहून खवळलेल्यांनी ग्रंथाची पहिली काही पानेही उघडली नसावीत. एल्फ मात्र टॉल्किन यांनी बहुतांशी गोरे कल्पिले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की अरोंदीर या सैनिकाच्या कथेत गोरेपणा कोणते काम करणार होता? मला तरी एकही सापडत नाही.

त्याच मालिकेत याहून कितीतरी मोठी मोडतोड झाली होती. टॉल्किन यांच्या कालपटात मुद्रिका घडवण्याचा काळ दुसऱ्या युगातील सोळाव्या शतकाच्या आसपासचा आणि न्यूमेनॉरचा विनाश ३३१९ सालचा. मधली सतरा शतके मालिकेने एका माणसाच्या आयुष्यात कोंबली. न्यूमेनॉरची शोकांतिका ही पिढ्यानपिढ्या साचत गेलेल्या मृत्युभयाची कथा आहे. पिढ्याच काढून घेतल्या, तर तिथे भय साचायचे कशात? हा आक्षेप अभ्यासू चाहत्यांनी घेतला, पण गोंगाटात तो बुडाला. अ‍ॅमेझॉनने टवाळखोरांना आवरण्यासाठी प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास रोखून धरले. कलावंतांना वर्णद्वेषी संदेश येत होते, त्यामुळे निर्मात्यांची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कमच होती. मात्र या भक्कम भिंतीआड सुमार पटकथाही सुखरूप लपली, असे माझे मत आहे. वर्णद्वेष्ट्यांनी ज्या ग्रंथाच्या नावाने गळे काढले, त्या ग्रंथाच्या बाजूने बोलणाऱ्यांचेच त्यांनी सर्वाधिक नुकसान केले.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’मध्ये व्हेलारियन घराणे रुपेरी केसांचे आणि गोरे. मालिकेत कॉर्लिस व्हेलारियन झाले स्टीव्ह टूसाँ. इथे वर्णनाला कथेत काम आहे : रेनीराच्या मुलांचे तपकिरी केस हाच त्यांच्या जन्माविषयीच्या कुजबुजीचा पुरावा. मालिकेने घराण्याचा वर्ण बदलला, आणि तो पुरावा नाहीसा होण्याऐवजी अधिकच डोळ्यांत भरू लागला. आता साऱ्या दरबाराला दिसते, आणि तरी राजा बोलू देत नाही. वर्ण बदलला, काम टिकले.

आणि लेखकच बदलाच्या बाजूने असला तर? पर्सी जॅक्सनच्या मालिकेसाठी मे २०२२ मध्ये अ‍ॅनाबेथच्या भूमिकेकरिता लीआ जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड जाहीर झाली. पुस्तकातली अ‍ॅनाबेथ सोनेरी केसांची. लहान मुलीवर होणारी टीका पाहून लेखक रिक रिऑर्डन यांनी काही दिवसांतच जाहीर लेख लिहून आक्षेपकांना खडसावले. तरीही ‘लेखकाचा हेतू’ सांगणारे कित्येक जण लेखकाचे ऐकायला तयार नव्हते. २००४ मध्ये लेखिका एका बाजूला आणि निर्माते दुसऱ्या बाजूला होते. इथे लेखक आणि निर्माते एकत्र. दोन्ही वेळी लेखकाचा शब्द अनेकांना केवळ सोयीपुरता हवा होता.

मग २००४ मध्ये २०२२ सारखे वादळ का उठले नाही? सरळ उत्तर मोहक आहे : गोरेपणा मिळाला की तक्रार नसते. पण मौनाचा पुरावा जपून वापरावा लागतो. फेसबुकला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते, ट्विटर दोन वर्षांनी यायचे होते. अर्थसीचे वाचक रागावले नव्हते असे नाही. त्यांचा राग साठवून ठेवणारे यंत्रच आजच्याएवढे मोठे नव्हते. तरीही त्या लेखातला एक तपशील मला विसरता येत नाही. ल ग्विन यांना गोरे नसलेल्या वाचकांकडून अधूनमधून पत्रे येत. या साहित्यप्रकारात आपल्यालाही जागा आहे असे अर्थसीच्या पुस्तकांतच काय ते वाटले, आणि किशोरवयात त्याचे मोल फार होते, असे ते कळवत. पत्रे थोडी होती, पण लेखिकेच्या मनात घर करून राहिलेली. ‘मूळ पुस्तक’ बदलले तेव्हा गेले ते या वाचकांचे. २०२२ च्या घोषणेत त्यांचा हिशेब कोणी धरला नव्हता.

ल ग्विन यांचे २२ जानेवारी २०१८ रोजी निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पहिल्या कादंबरीला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, अर्थसीचा सचित्र एकखंडी ग्रंथ निघाला. चित्रे चार्ल्स व्हेस यांची. ती काढताना त्यांनी लेखिकेशी सतत पत्रव्यवहार करून एकेक रेखाटन त्यांना दाखवले होते. त्या ग्रंथात गेड तपकिरी आहे.