स्वाभाविकता (ताओ मतातील)

प्राचीन चिनी ताओ मतातील एक मूलभूत तत्त्व. मूळ संज्ञा ‘त्झु-रान’. बाहेरच्या कोणाच्या प्रेरणेवाचून वा हुकमावाचून वस्तू आपण होऊन जशी असते व जशी घडते, त्या असण्याघडण्याला ताओवादी ही संज्ञा लावतात. डोंगर, नद्या व वृक्षवल्ली यांच्या समुच्चयाचा अर्थ तिला अर्वाचीन काळी येऊन चिकटला असल्यामुळे, ताओ मत म्हणजे अरण्यवासाची शिफारस, असा जो सर्वसाधारण समज रूढ आहे, तो मूळ ग्रंथांपुढे टिकत नाही.

लाओ-त्से याच्या नावावर मोडणाऱ्या, ८१ प्रकरणांच्या व सुमारे पाच हजार चित्राक्षरांच्या ‘ताओ-ते-चिंग’ या ग्रंथात, पंचविसाव्या प्रकरणी, मनुष्य पृथ्वीचा, पृथ्वी आकाशाचा व आकाश ताओचा कित्ता गिरवते असे सांगून, ताओचा कित्ता कोणता, या अखेरच्या प्रश्नाला स्वाभाविकता असे उत्तर दिले आहे. भाष्यकार वांग बी (२२६–२४९) याने त्याचा उलगडा चौकोनात चौकोनाप्रमाणे व वर्तुळात वर्तुळाप्रमाणे वागणे असा केला. म्हणजे ताओच्याही वर आणखी एक वरिष्ठ अंमलदार बसविण्याचा ग्रंथकाराचा इरादा नव्हता. हेच तत्त्व राज्यकारभारास लागू केले असता, ज्याचे काम तडीस गेल्यावर ते आपले आपणच झाले असे रयतेस वाटते तो राजा उत्तम ठरतो. अट्टहासावाचून घडणाऱ्या अशा कर्मास ‘वू-वेई’ म्हणतात.

च्वांग-त्से (इ. स. पू. चौथे शतक) याच्या नावाच्या ग्रंथात या तत्त्वाची खरी कसोटी लागते. तेथील खाटीक तिंग याची सुरी एकोणीस वर्षे बोथट होत नाही, कारण तो सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतूनच ती फिरवितो. यावरून स्वाभाविकता ही जन्मजात भाबडेपणाने नव्हे, तर दीर्घ अभ्यासाने हाती येते हे दिसते. अधिक बिकट आहे ती हान्यिनच्या वृद्ध माळ्याची कथा. हा माळी विहिरीत उतरून घागरीने पाणी वर आणतो व वाफ्यात ओततो. कन्फ्यूशसचा शिष्य त्झू-कुंग त्यास, मागे जड व पुढे हलके अशा लाकडी यंत्राने एका दिवसात शंभर वाफे भिजतात, असे सुचवितो. तेव्हा, यंत्र आले की यंत्राचे मन येते, असा आक्षेप घेऊन माळी ते नाकारतो. वाचक येथेच थांबतात, पण कथा थांबत नाही : हा माळी एक बाजू जाणतो, दुसरी जाणत नाही, असा अभिप्राय पुढे कन्फ्यूशसच्या तोंडी येतो. बैलाला चार पाय असणे हे आकाशाचे व नाकात वेसण घालणे हे मनुष्याचे, अशी वाटणीही याच ग्रंथात आहे, परंतु ग्रंथाचा संपादक-भाष्यकार क्वो श्यांग (मृ. ३१२) याने, मनुष्याने बैल जुंपणे हेही नियतीस धरूनच आहे, असे म्हणून ती वाटणी पुसून टाकली.

वेसणीचा हा वाद सोलापूर जिल्ह्यात निराळ्या रीतीने सुटलेला आढळतो. माढा तालुक्यातील अरण येथील संत सावता माळी (परंपरेने १२५०–१२९५) यांनी पंढरीची वाट न धरता आपल्या मळ्यातील कांदा, मुळा व भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. आणि तेवढ्यावर न थांबता विहीर, मोट व तिचा नाडाही पंढरीने व्यापलेला आहे, असे म्हटले. बैल धावेवरून उतरत असता, सोंदुराने (दोरीने) सोंड ओढली जाऊन थारोळ्यात पाणी ओतणारी मोट ही हान्यिनच्या माळ्याने झिडकारलेल्या यंत्राहून कमी कृत्रिम नाही. सावतोबांना मात्र तिच्यात मनाचा विकार दिसला नाही. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अधिक निरोगी वाटते.

पुढे मोटेची जागा कालव्याने घेतली. भाटघरच्या धरणावर अवलंबून असलेला नीरा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आल्यावर जिरायतीचे बागाईत झाले. सासवडच्या माळी बागाईतदारांनी माळीनगर येथे, तर चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने (स्थापना १९३४) श्रीपूर येथे साखर कारखाना उभा केला, आणि आषाढीस अकलूजहून बोरगावकडे निघणारी तुकोबांची पालखी आता या उसाच्या पट्ट्यातून जाते. येथे पाणी वाहते ते पाळीपत्रकाप्रमाणे. पाटकऱ्याने दार उघडल्यावर, दारे धरणारा शेतकरी फावड्याने एक सरी फोडतो व दुसरी बुजवितो.

ज्ञानेश्वरीच्या (१२९०) बाराव्या अध्यायातील दृष्टांत नेमका हाच आहे : माळी नेईल तिकडे मुकाट्याने जाणाऱ्या पाण्यासारखे व्हावे, असा तेथे उपदेश आहे. लाओ-त्सेचे पाणीही नम्र आहे, इतरांनी टाळलेल्या सखल जागी ते जाते; पण ते आपल्या उताराने जाते, त्याला माळी नाही. वारकऱ्यांची सहजता ही ईश्वराच्या हाती सोपविलेपणाची, तर ताओवाद्यांची स्वाभाविकता धनीच नसलेल्या सृष्टीची आहे. एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाढलेल्या या परंपरांचे साधर्म्य दाखविताना, सावतोबांना मराठी ताओवादी म्हणण्यापर्यंत मजल मारू नये ती एवढ्याचकरिता.