तबकडीची दुसरी बाजू

एखादे गाणे जगभर गाजले की त्याचा इतिहास गाजवणाऱ्यापासून सुरू होतो. ज्याने ते आधी गायिले त्याचे नाव तळटीपेत जाते. ही केवळ विस्मृती नव्हे. त्यामागे एक व्यवस्था उभी असते. इंग्लंडमधील 'सॉफ्ट सेल' या जोडीचे 'टेन्टेड लव्ह' हे गाणे या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. 'टेन्टेड' म्हणजे डागाळलेले, आपल्या भाषेत बाटलेले.

१९७६-७७ च्या पंक उठावानंतर इंग्लंडमध्ये जे नवे संगीत आले, त्याला 'न्यू वेव्ह' म्हणतात. मार्क आमंड आणि डेव्ह बॉल हे लीड्स पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. एकाचा आवाज, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक वाद्ये. जुलै १९८१ मध्ये त्यांची ही तबकडी निघाली आणि सप्टेंबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत १९८२ साली ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली आणि पहिल्या शंभरांत ४३ आठवडे राहिली. तोवर या जोडीला फारसे कोणी ओळखत नव्हते.

पण गाणे मुळात त्यांचे नव्हते. चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या ग्लोरिया जोन्स या काळ्या अमेरिकन गायिकेने ते १९६४ साली गायिले. १९६५ मध्ये, म्हणजे काळ्यांच्या मतदानहक्काचा कायदा झाला त्याच वर्षी, ते बाजारात आले. तेही तबकडीच्या दुसऱ्या बाजूला. ना पहिली बाजू चालली, ना दुसरी.

मग ते जिवंत कोणी ठेवले? उत्तर इंग्लंडमधल्या कामगारवस्तीतल्या पोरांनी. आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि शनिवारी रात्रभर नाचायचे, हा त्यांचा शिरस्ता. अमेरिकेत पडून राहिलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्या त्यांना प्रिय होत्या. या प्रवाहाला 'नॉर्दर्न सोल' हे नाव पडले. रिचर्ड सर्लिंग या तबकडीवादकाने १९७३ साली अमेरिकेतून हे गाणे आणले आणि बोल्टन, विगन येथल्या नाचघरांत ते दुमदुमले. ब्लॅकपूलमध्ये वाढलेल्या बॉलच्या कानी हे संगीत होतेच.

या नाचघरांत एक रीत होती. दुर्मिळ तबकडी प्रतिस्पर्ध्याला सापडू नये म्हणून तिच्यावरचे नाव कागदाने झाकायचे, किंवा खोटेच नाव सांगायचे. प्रेम करणाऱ्यांनीही गायकाचे नाव झाकले! ग्लोरियाने १९७६ मध्ये हे गाणे पुन्हा गायिले. तेही चालले नाही.

येथे 'गोऱ्यांनी चोरले' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास इतका सरळ नाही. गाण्याचा रचनाकार एड कॉब हा स्वतः गोरा होता आणि रचनेचा मोबदला त्याच्या वाट्याचा होता. 'सॉफ्ट सेल'ने दुसऱ्या बाजूलाही 'सुप्रीम्स'चे जुने गाणे घेतले, त्यामुळे रचनेचा पैसा त्यांनाही नाही. त्या दुसऱ्या गाण्याचे रचनाकार हॉलंड, डोझियर आणि हॉलंड. तिघेही काळे, आणि मोबदल्यावर त्यांचा हक्क होता. ज्यांचे नाव रचनेवर होते त्यांना हक्क मिळाला. ग्लोरियाचा होता फक्त आवाज.

आणि कायदा आवाज मोजत नाही. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला पैसा मिळतो, गाणाऱ्याला नाही. प्रश्न केवळ वर्णाचा नव्हे, मालकीचा आहे. आणि मालकी कोणाकडे जायची हे वर्णाने बरेचदा आधीच ठरवलेले असते.

१९७२ साली 'दलित पँथर'ने आपले नाव काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. तेव्हापासून त्यांचा इतिहास आपण जवळचा मानतो. मग तो पराक्रमांपुरता वाचून चालणार नाही. हिशेबाची वहीही वाचली पाहिजे. आपल्या वस्तीत गाणारे गळे कधीच कमी नव्हते. गाणे कोणाच्या नावावर लिहिले जाते, हे विचारणारे कमी होते. शिकलेल्या पहिल्या पिढीने निदान एवढे करावे: तबकडी उलटावी आणि दुसऱ्या बाजूचे नाव मोठ्याने वाचावे.