शेपटीच्या चाकाची विमाने

आपल्या बॅचमधून मी वैमानिक झालो, म्हणून संपादक मंडळाने विमानांवर लिहायला सांगितले. स्वतःच्या प्रवासाऐवजी, ज्या विमानांनी आमच्या पिढीला घडवले त्यांची हकिकत सांगतो.

या विमानांना पुढे दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक असते. जमिनीवर नाक वर राहते, समोरचे दिसत नाही. नागमोडी चालवत बाजूने डोकावावे लागते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्या काळची शिकाऊ विमाने शेपटीवरच टेकत. पुढे आलेल्या टायगर मॉथलाही ब्रेक नव्हते. शेपटीचा टेकू गवतात घासून ते थांबे. मोकळ्या मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून उतरता येई. डांबरी धावपट्ट्या आल्या, उतरण्याची दिशा ठरून गेली आणि आडव्या वाऱ्याची परीक्षा सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आपले मराठी डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ (१९५१) आणि पुष्पक (१९५८) ही विमाने तयार झाली. दोन्ही शेपटीच्या चाकाची. पुष्पकवरच मी सत्तरच्या दशकात शिकलो.

विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेला गुरुत्वमध्य मला तिथे पायांनी कळला. या विमानात तो मुख्य चाकांच्या मागे असतो. हातगाडी ओढली की निमूट मागे येते, ढकलली की वाकडी पळते; तसेच हे. नाक जरा वळले की शेपूट पुढे यायला धावते, विमान गर्रकन फिरते, पंख जमिनीला घासतो. म्हणून रडरच्या पेडलवर पाय सतत जागे लागतात.

मग क्लबांत नाकाखाली चाक असलेली सेसना आली. समोर दिसू लागले, धावताना विमान आपणहून सरळ राहू लागले, जमिनीवरचे असे अपघात कमी झाले. चांगलेच झाले. पण पुढे मी शिकवू लागलो तेव्हा पाहिले, चाके टेकताच मुलांचे पाय सैल पडत. त्यांना सांगायचो, ‘बाळांनो, विमान थांबेपर्यंत उड्डाण संपत नाही.’

पुष्पक आता क्वचितच दिसते. पण तिच्यावर शिकलेल्यांचे पाय अजूनही, विमान पुरते थांबेपर्यंत, पेडलवरून हलत नाहीत.