साती आसरा

शाळेत असताना एका निबंधात मी लिहिले होते, ‘आजी विहिरीवरच्या आसऱ्यांना नैवेद्य दाखवते.’ गुरुजींनी ‘आसऱ्यांना’ खोडून ‘आसरांना’ केले आणि समासात एकच शब्द लिहिला : स्त्रीलिंगी.

सिल्लोडच्या आमच्या मळ्यात विहिरीच्या काठाशी शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा. माझ्या डोक्यात मात्र ‘तो आसरा’, म्हणजे निवारा. तो शब्द आला ‘आश्रय’पासून. ‘ती आसरा’ आली थेट अप्सरेपासून. ‘अप्’ म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. गंमत अशी, की संस्कृतात ‘अप्’ हा शब्दच स्त्रीलिंगी आणि नेहमी अनेकवचनी. अमरकोशात अप्सराही तशाच, अनेकवचनात. आमच्या विहिरीवरही एकटीदुकटी आसरा कधी नव्हती.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात याच अप्सरा दागिन्यांनी मढून आकाशातून चालल्या आहेत. विहिरीवर येईपर्यंत त्यांचा चेहराही गेला, पण पाणी सुटले नाही.

ग्रीकांकडेही अशा जलदेवता आहेत. झरे-ओढ्यांवरच्या त्या नायड. हे नाव ‘वाहणे’ या क्रियापदापासूनचे मानतात. समुद्रातल्या त्या नीरिड, म्हणजे नीरियसच्या मुली. तिथे नाव बापाचे. या सगळ्या ज्या ‘निम्फ’ जातीच्या, त्या शब्दाचा साधा अर्थ नवरी! आपल्याकडे वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात सप्तमातृका बसल्या आहेत. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी : सहा जणींची नावे देवांच्या नावांवरून पाडलेली. चामुंडा तेवढी निराळी. आसरांना मात्र ना बापाचे नाव, ना नवऱ्याचे. त्यांच्या नावात फक्त पाणी. मला त्यांचे हे मोठेपण वाटते.

पण याला दुसरी बाजू आहे. विहिरीत जीव दिलेली बाई आसरांत जाते, असे आमच्याकडे मानत. भर दुपारी पोरांना विहिरीकडे फिरकू देत नसत, ते त्यामुळेच. आजी सहा दगडांना घाईघाईने हळदकुंकू वाही. सातव्यापाशी थांबे, बांगड्या ठेवी आणि ‘सखू’ अशी एकेरी हाक मारी.

पुढे मी घराण्याची वंशावळ उतरवून घेतली. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. सखू कुठेच नाही. आजीला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘निवद गार व्हायलाय, आधी ठिवून ये.’’