समुपदेशनाला पहिल्यांदाच जाताय? आत काय विचारतात, किती दिवस लागतात, जाणून घ्या

जालना : झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, उगाच रडू येतं किंवा चिडचिड होते. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर समुपदेशकाकडे जायला हवं. पण ‘मला काय वेड लागलंय का?’ आणि ‘गावात कळलं तर?’ या दोन प्रश्नांपाशीच अनेकजण अडतात. म्हणून आत नेमकं काय होतं, याची ही माहिती.

कुठे जायचं?
जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात केसपेपर काढताना मानसोपचार विभाग सांगा. भोकरदन, मंठा, घनसावंगीहून लगेच येणं जमत नसेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. फोनवर बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, 24 तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

गोळ्या देतात का?
समुपदेशक गोळ्या देत नाही, तो बोलतो आणि ऐकतो. औषध मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, तेही गरज असेल तरच. काहींना दोन्ही लागतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

पहिल्या दिवशी काय विचारतात?
झोप, भूक, काम, घरची माणसं, कर्ज, दारू, आधीचं आजारपण. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारतात. त्यात लाजायचं काही नाही, खरं सांगा. एखादी गोष्ट आज सांगावीशी वाटली नाही तर ‘नंतर सांगतो’ म्हटलं तरी चालतं. रडू आलं तर येऊ द्या. पहिल्या भेटीनंतर कुणाला हलकं वाटतं, कुणाला उलट थकल्यासारखं होतं. दोन्ही नेहमीचंच आहे.

गावात कळेल का?
मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र गरजेपुरती माहिती सांगावी लागते.

बोलून कर्ज फिटतं का?
नाही. समुपदेशक पाऊसही पाडू शकत नाही. पण मन खचलं की माणूस शेतात जायचं टाळतो, लोकांना टाळतो, बँकेची नोटीस उघडतच नाही. कामं तुंबतात आणि मन आणखी खचतं. हे चक्र तोडायला छोटी छोटी कामं ठरवून देतात. रोज सकाळी शेतात एक चक्कर, भावासोबत बसून कर्जाचे कागद लावणं, असं काही. पुढच्या भेटीत ते जमलं का, नाही तर कुठे अडलं, यावर बोलणं होतं.

किती दिवस लागतात?
एका भेटीत फरक पडेलच असं नाही. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर हीच पद्धत तपासली गेली. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, प्रत्येक 30 ते 40 मिनिटांची. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 100 पैकी 64 जणांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त केंद्रातले उपचार मिळालेल्यांत हाच आकडा 39 होता. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणून दोन भेटींत सोडून देऊ नका. समुपदेशकाशी पटलंच नाही तर दुसरा मागा.

घरच्यांनी काय करावं?
‘मन घट्ट कर’ असं सांगण्यापेक्षा सोबत चला आणि बाहेर थांबा. आत काय बोललास, हे खोदून विचारू नका.

हे थांबण्यासारखं नाही
कुणी ‘आता जगून काय करू’ असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा. 14416 ला फोन लावा. जिवाला धोका वाटला तर 108 बोलवा किंवा थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीने वेळ घालवू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच हा कायदा धरून चालतो, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.