शीला भाटिया आणि पंजाबी संगीतिका

मराठी रसिकाला गाणारे नाटक नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० साली जी वाट पाडली, तिच्यावरून हिराबाई पेडणेकर 'दामिनी' हे आपले संगीत नाटक घेऊन १९१२ साली ललितकलादर्श मंडळीच्या रंगमंचापर्यंत पोचल्या. पंजाबीत मात्र अशी मळलेली वाट नव्हती. ती पाडली एका गणिताच्या शिक्षिकेने, आणि तीही दिल्लीत.

शीला भाटिया ह्यांचा जन्म १९१६ साली सियालकोटला झाला. लाहोरला त्या गणित शिकवीत. तेथेच त्या स्वातंत्र्यलढ्याकडे ओढल्या गेल्या. १९४७ साली ही दोन्ही शहरे सीमेपलीकडे गेली आणि सुमारे ५ लाख निर्वासित दिल्लीत आले. त्यांच्या निवाऱ्याची सोय हळूहळू झाली. पण ज्या बोलीत त्यांच्या आयाबहिणी लग्नकार्यात आणि मर्तिकात गात, तिला राजधानीच्या रंगभूमीवर फारशी जागा नव्हती. 'दिल्ली आर्ट थिएटर' स्थापून शीलाबाईंनी ती करून दिली.

१९५७ साली त्यांनी 'हीर रांझा' ही संगीतिका रंगभूमीवर आणली. वारिस शाहाने १७६६ साली काव्यबद्ध केलेली ही कथा पंजाबात घरोघर ठाऊक होती. हीरेचे झंग गाव मात्र आता परमुलखात गेले होते. मराठी संगीत नाटकात कथा गद्य पुढे नेते आणि पद भाव खुलविते. 'वन्स मोअर' संपेपर्यंत कथानकाने ताटकळत उभे राहावे, हे आपल्या अंगवळणीच पडले आहे! संगीतिकेत ती चैन नाही. भांडण, विनवणी, निरोप, सारे गाण्यानेच सांगावयाचे. शीलाबाईंनी त्यासाठी लोकगीतांच्या चालींचा आश्रय घेतला. अशी चाल सर्वांच्या कानांत असते, हा जितका आधार तितकाच धोका. कारण चालीमागोमाग कानाला जुनेच शब्द ऐकू येऊ लागतात. तेथे नवा शब्द रुजवावयाचा, तर तो बोलण्यातलाच हवा. त्यांचे खरे कर्तृत्व ह्या पद्यरचनेत आहे, दिग्दर्शनाची कीर्ती कितीही मोठी असली तरी.

पुढे त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अभिनय शिकविला. १९७१ साली त्यांना पद्मश्री आणि १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००८ साली त्या निवर्तल्या. साठांच्या घरातील त्यांच्या नाट्यनिर्मितींत १९७९ सालची 'दर्द आएगा दबे पाँव' हीही आहे. ते शब्द फैज अहमद फैज ह्यांचे. आणि फैजही सियालकोटकडचेच.